रामटेकची मंदिरे

विदर्भातील एक प्राचीन वैष्णव तीर्थक्षेत्र. नागपूर जिल्ह्यातील रामटेक या तालुक्याच्या गावालगत असलेल्या टेकडीवर ही मंदिरे वसलेली असून हे गाव नागपूरच्या ईशान्येस सु. ४८ किमी. अंतरावर आहे. नागपूर-रामटेक लोहमार्गाने व नागपूर-जबलपूर मार्गावरील मनसर येथून फुटणाऱ्या रस्त्याने येथे जाता येते. टेकडीचा आकार घोड्याच्या नालासारखा असून तिच्या कुशीत अंबाळा हा तलाव आहे. तलावाच्या काठावरून पायऱ्यांची जुनी वाट टेकडीवर चढते. रामगिरी, सिंदूरगिरी आणि तपंगिरी अशी टेकडीची तीन नावे परंपरेत आढळतात. भागवत संप्रदायाचा महाराष्ट्रातील प्रसार, वाकाटकांचे मंदिरस्थापत्य आणि एकाच स्थानी दीर्घकाळ चालत आलेली पूजापरंपरा या तिन्ही दृष्टींनी रामटेकला महत्त्व आहे.

इतिहास : या क्षेत्राचा निश्चित इतिहास वाकाटक काळापासून सुरू होतो. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या दक्षिणेस जवळच असलेले नगरधन होय. वाकाटक नृपती दुसरा रुद्रसेन याचा विवाह गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता हिच्याशी झाला होता. रुद्रसेनाच्या अकाली मृत्यूनंतर तिने अल्पवयीन पुत्राच्या नावे राज्यकारभार पाहिला. वाकाटक घराण्यातील पूर्वीचे राजे शैव होते; प्रभावतीगुप्ता मात्र माहेरच्या परंपरेप्रमाणे विष्णुभक्त होती. दुसऱ्या प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील तिचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे मिळाला. तो रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिला असल्याचा त्यात उल्लेख आहे. यावरून पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात या टेकडीवर राजमान्यता पावलेले देवस्थान होते, हे स्पष्ट होते. नगरधन येथे २०१५ ते २०१८ या काळात झालेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडल्याने या स्थलनिश्चितीस पुष्टी मिळाली.

रामगिरिस्वामी म्हणजे नेमका कोणता देव, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. वा. वि. मिराशी यांनी तो रामाच्या पादुकांशी जोडला. उलटपक्षी, टेकडीवरील वाकाटककालीन मूर्ती नरसिंह, वराह व त्रिविक्रम या अवतारांच्या असून त्या काळातील रामाची मूर्ती येथे आढळत नाही. म्हणून हे नाव टेकडीच्या अधिष्ठात्या विष्णूचे असावे, असेही प्रतिपादन करण्यात येते. दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावावर असलेले सेतुबंध हे प्राकृत महाकाव्य रामकथेवर आधारलेले आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय ठरते. प्रवरसेनाने पुढे राजधानी प्रवरपूर येथे हलविली. जवळच्या मनसर येथे १९९७-९८ पासून झालेल्या उत्खननात भव्य विटकामाचे अवशेष मिळाले असून अनेक अभ्यासक ते स्थळ प्रवरपूर मानतात. तेथे १९७२ मध्ये सापडलेली शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

वाकाटकांनंतरचा महत्त्वाचा पुरावा यादव काळातील आहे. लक्ष्मण मंदिरातील खंडित संस्कृत शिलालेख यादव राजा रामचंद्र याच्या काळातील असून त्यात टेकडीवरील देवतांचे व भोवतालच्या तीर्थांचे वर्णन आहे. नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारल्यावर त्याच्या रक्ताने टेकडी लाल झाली, म्हणून ती सिंदूरगिरी, अशी नावाची उपपत्ती परंपरा सांगते. येथील तांबड्या दगडामुळे ती सुचली असावी. महानुभाव पंथाच्या इतिहासातही या क्षेत्राला स्थान आहे. चक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले, ते रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने, असे लीळाचरित्र सांगते. टेकडीवरील भोगराम हे स्थान महानुभाव पंथीय पवित्र मानतात. अठराव्या शतकात नागपूरकर पहिला रघूजी भोसले याने देवस्थानाचा जीर्णोद्धार केला. तोपर्यंत येथे पादुकांची पूजा होत असे व सध्याच्या मूर्ती सूर नदीच्या पात्रात मिळाल्या, अशी आख्यायिका आहे.

मंदिरे : टेकडीवरील वास्तूंचे दोन गट पडतात. पहिला गट वाकाटककालीन मंदिरांचा. त्यात केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, वराह, त्रिविक्रम व भोगराम ही प्रमुख होत. नरसिंह मंदिरे रेतीखडकाची, सपाट छताची व आकाराने लहान आहेत. चौरस गर्भगृह आणि त्यापुढे खांबांचा मंडप एवढीच त्यांची रचना असून भिंतींवर अलंकरण बेताचे आहे. गर्भगृहातील नरसिंह आसनस्थ, चक्रधारी आणि विशालकाय आहे. हिरण्यकशिपूच्या वधाचा प्रसंग येथे दाखविलेला नाही. देव एकटाच बसलेला आहे. यावरूनच ‘केवल नरसिंह’ हे नाव आले, असे समजतात. वराहाची प्रचंड मूर्ती पशुरूप असून ती खांबांवर उभारलेल्या खुल्या मंडपात आहे. तिच्या पोटाखालून जो सहज निघू शकतो तो निष्पाप, अशी लोकसमजूत आहे. त्रिविक्रम मंदिराचे काही अवशेष व भग्न मूर्ती तेवढी उरली आहे.

केवल नरसिंह मंदिराच्या भिंतीवर चुन्याचे अनेक थर साचलेले होते. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या सुरुवातीस ते काढले असता एक शिलालेख उघडा पडला. तो बराच झिजलेला असला, तरी त्यात गुप्त-वाकाटक संबंधाचे आणि ‘प्रभावतीस्वामी’ या देवाच्या स्थापनेचे उल्लेख वाचता येतात. आईच्या पुण्यार्थ तिच्या नावाने देव स्थापण्याची प्रथा यातून दिसते. ज्या चुन्याच्या लेपामुळे हा लेख शतकानुशतके दृष्टिआड राहिला, तो लेप भाविकांनी श्रद्धेनेच दिलेला होता आणि त्याच्याखालीच अक्षरे काही अंशी सुरक्षितही राहिली. जिवंत देवस्थानाच्या जतनातील अडचण या एका उदाहरणावरून ध्यानात येते.

दुसरा गट टेकडीच्या माथ्यावरील राम व लक्ष्मण यांच्या मंदिरांचा आहे. ही मंदिरे तटबंदीच्या आत असून वराह, सिंगपूर, भैरव व गोकुळ या दरवाजांतून तेथे पोहोचता येते. मंदिरांचा मूळ भाग यादव काळातील असून पुढे त्यांत बरीच भर पडली. लक्ष्मण मंदिर राम मंदिराच्या समोर आहे. त्यामुळे यात्रेकरूंना प्रथम लक्ष्मणाचे व नंतर राम-सीतेचे दर्शन घडते.

पूजा व यात्रा : या क्षेत्राची मुख्य कथा शंबुकाशी निगडित आहे. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात तप करणाऱ्या शूद्र शंबुकाचा रामाने वध केल्याचा प्रसंग आहे. तो या टेकडीवर घडला, असे स्थानिक परंपरा मानते. मरताना शंबुकाने रामाने येथेच वास करावा व रामाच्या आधी आपली पूजा व्हावी, असे वर मागितले, अशी कथा आहे. टेकडीवरील धूम्रेश्वर हे शिवलिंग त्याचेच रूप मानले जाते. उत्तरकांडातील कथेत शंबुकाला केवळ दंड मिळतो, तर येथील परंपरेत तो पूज्य ठरतो. हा फरक महत्त्वाचा आहे. एखाद्या जुन्या स्थानिक देवतेला राजमान्य वैष्णव क्षेत्रात सामावून घेताना ही कथा आकारास आली असावी, असा तर्क करता येतो. आधुनिक काळात शंबुककथेकडे सामाजिक विषमतेच्या संदर्भात पाहिले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिसंस्थेवरील १९३६ च्या आपल्या विवेचनात चातुर्वर्ण्य दंडशक्तीविना टिकत नाही, हे दाखविण्यासाठी याच कथेचा आधार घेतला.

येथील सर्वांत मोठी यात्रा कार्तिकातील त्रिपुरी पौर्णिमेस भरते. वैकुंठ चतुर्दशीला गावातून शोभायात्रा निघते. पौर्णिमेच्या रात्री राम मंदिराच्या शिखरावर त्रिपूर जाळतात. त्यासाठी वर्षभर देवाच्या अंगावर असलेला पीतांबर उपयोगात आणण्याची प्रथा असून त्या उजेडात रामाची आकृती दिसते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मुळात शिवाच्या त्रिपुरदहनाशी संबंधित असलेला हा विधी रामाच्या शिखरावर होतो. शैव व वैष्णव परंपरांचा असा मेळ येथे नवा नाही. चैत्रात रामनवमीचा उत्सव होतो. नागपूर, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांबरोबरच मध्य प्रदेशातील शिवनी व बालाघाट या भागांतूनही यात्रेकरू येतात. अंबाळा तलावाच्या काठी घाट व लहान मंदिरे असून तेथे स्नान व श्राद्धविधी केले जातात. अंब नावाच्या राजाचे कुष्ठ या पाण्याने बरे झाले, अशी तलावाविषयी कथा आहे. पायथ्याजवळ तीर्थंकर शांतिनाथांचे प्रसिद्ध जैन मंदिर आहे.

रामगिरी आणि कालिदास : मेघदूतातील यक्ष ज्या रामगिरीवर राहिला, तो कोणता, हा प्रश्न जुना आहे. टीकाकार मल्लिनाथाने तो चित्रकूट मानला. छत्तीसगढमधील रामगढ हाही पर्याय पुढे आला. मिराशी यांनी वाकाटक लेखांतील रामगिरीचा निर्देश, गुप्त-वाकाटक संबंध व काव्यातील मेघाचा मार्ग यांच्या आधारे रामटेकचा पक्ष मांडला व तो बऱ्याच अभ्यासकांना ग्राह्य वाटला. टेकडीवर कालिदास स्मारक उभारण्यात आले असून रामटेक येथे १९९७ मध्ये कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले.

विदर्भातील इतर प्राचीन क्षेत्रांशी तुलना केल्यास रामटेकचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. चंद्रपूर जिल्ह्यात माजरीजवळच्या भद्रावती (भांदक) येथील विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. परंतु तेथील मूळ उपासना खंडित झाली. गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे वैनगंगेच्या काठी शैव मंदिरसमूह असून महाशिवरात्रीची यात्रा भरते. पण त्याची आजची मंदिरे वाकाटकांनंतर काही शतकांनी बांधलेली आहेत. रामटेक येथे पाचव्या शतकातील मूर्ती मूळ स्थानीच आहेत, आणि टेकडीवरील मुख्य पूजा नरसिंहाकडून रामाकडे गेली, तरी त्यांच्यासमोर फूल वाहिले जाते. शेंदूर, तेल व चुना यांनी झाकला जाणारा दगड हा इतिहासाचा लेख आहे, तसाच तो भाविकांचा देवही आहे. या दोन्ही बाजू सांभाळणे, हेच या वारशाच्या जतनाचे खरे काम होय.