फजरनंतर तलावाला एक फेरी

गेल्या वर्षी अम्मीच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला. बावीस वर्षांचा मधुमेह, पायाची गेलेली संवेदना, आणि चपलेत शिरलेला एक बारीक खडा. तो टोचतोय हे तिला कळलंच नाही. चौथ्या दिवशी मोजा ओला लागला तेव्हा जखम दिसली. दवाखान्यातून तिला पनवेलला माझ्याकडे आणलं. पट्टी बदलताना डॉक्टरांनी मला सहज विचारलं, "तुमची साखर कधी तपासली होती?"

मी बेचाळीस वर्षांची, अंगाने बारीक. मला कशाला तपासणी? तरी केली. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही चाचणी ६.१ आली. हा आकडा ५.७च्या खाली असला तर ठीक, ६.५ किंवा वर गेला तर मधुमेह. मी मधल्या उंबरठ्यावर उभी होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह झालेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत आणि या उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख. म्हणजे सोबत भरपूर होती, पण त्याने धीर येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर अम्मीचा पाय होता.

बारीक माणसाला साखर कशी, याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांच्या उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, अगदी सारखं, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली हाडापेरं बारीक, स्नायू कमी, आणि चरबी पोटात दडलेली. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. कंबर बाईची ८० सेंटीमीटरच्या आत, पुरुषाची ९०च्या आत हवी. माझी ८६ भरली. कुडत्याखाली कुणाला दिसत नव्हती, एवढंच.

सुरुवात स्वयंपाकघरातून झाली आणि तिथेच सगळ्यात जास्त भांडणं झाली. पहिले आठ दिवस मी माझ्यापुरतं वेगळं शिजवलं. सगळ्यांसमोर सुरमईची तळलेली तुकडी आणि माझ्या ताटात उकडलेली दुधी. नवव्या दिवशी रात्री अकरा वाजता फ्रिजसमोर उभी राहून मी थंड बिर्याणी खाल्ली. घरातल्या एका बाईने पथ्य करायचं आणि तिनेच बाकीच्यांसाठी तळायचं, हे चालणारं नाही. बदलायचं तर सगळ्या दस्तरखानाचंच बदलावं लागतं.

मग मी तेल मोजलं. आम्ही सहा माणसं, महिन्याला नऊ लिटर. आहारतज्ज्ञ माणशी दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅम तेल पुरे मानतात, त्या हिशेबाने सहा जणांना महिन्याला पाच लिटरच्या आसपास व्हायला हवं. सासूबाईंना आकडा सांगितला तर म्हणाल्या, "वर तवंग नसलेलं कालवण पाहुण्यांपुढे ठेवणार आहेस?" त्यांचंही चूक नाही. तवंग म्हणजे आदर, ही आमच्या मोहल्ल्यातली जुनी रीत. तडजोड अशी झाली की पाहुण्यांचा दिवस त्यांचा, बाकीचे दिवस माझे. आज सहा लिटर लागतं. पाचावर अजून आलेलो नाही.

तांदळाच्या भाकरीवर मात्र मी हात टाकला नाही. कोकणी मुसलमानाला तांदळाची भाकरी सोडायला सांगणं म्हणजे घर सोडायला सांगणं. फक्त एकाच जेवणात भाकरीही आणि भातही, हे बंद केलं. आठवड्यातून तीनदा नाचणीची भाकरी. नाचणी काही जादू नव्हे, तिच्यातही पिष्ट आहेच, पण चोथा आणि कॅल्शियम जास्त, आणि एका भाकरीत पोट भरतं. मासे उरण नाक्यावरून पूर्वीसारखेच येतात, पण तीन दिवस कालवण आणि एकच दिवस तळलेले. जेवताना आधी भाजी, डाळ, मासा, आणि भाकरी-भात नंतर. याने जेवणानंतरची साखर कमी चढते हे प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि खर्च शून्य.

आपल्या भागातच किती गोष्टी आहेत! पावसाळ्यात बाजारात आदिवासी बायका टाकळा, कुरडू, भारंगी घेऊन बसतात. आम्ही त्यांच्यासमोरून फ्लॉवर घेऊन येत होतो. थंडीतली पोपटी घ्या. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, आणि तेलाचा थेंब नाही. एवढी चविष्ट पथ्याची थाळी कुठला आहारतज्ज्ञ देईल?

सगळ्यात जड गेला तो चहा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दहा. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवा म्हणते, आणि त्यात बेकरीची नानकटाईही मोजायची. मी दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करत गेले. आता दोन कप, प्रत्येकात अर्धा चमचा. 'शुगर फ्री' बिस्किटांच्या नादी मात्र लागू नका, त्यात बहुतेक वेळा मैदाच असतो.

धावण्याची गोष्ट जावेमुळे सुरू झाली. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. नोव्हेंबरमध्ये एका सकाळी फजरची नमाज झाल्यावर आम्ही दोघी वडाळे तलावावर गेलो. काठाने फेरफटक्याची वाट आहे, पहाटेपासून माणसं असतात, दिवे असतात, म्हणून जीवही निर्धास्त. मी शाळेत असताना धावायची, त्या तोऱ्यात मुलाचे जुने बूट घालून सुटले. अर्ध्या फेरीत श्वास संपला. दुसऱ्या दिवशी नडगीत कळ आली आणि दहा दिवस जिना उतरता येईना. नवख्या माणसाचं असंच होतं. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. दम म्हणतो पळ, नडगी म्हणते थांब. ऐकायचं नडगीचं.

नंतर पद्धत सापडली. १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकी तरुणाने पन्नाशीतल्या आपल्या आईला धावता यावं म्हणून नऊ आठवड्यांचा एक क्रम आखला. आज जगभर नवखे लोक त्यानेच सुरुवात करतात. आईसाठी आखलेला म्हणून मला तो आणखीच आवडला. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग साठ सेकंद हळू धावायचं आणि नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनच दिवस, आणि मधे एक दिवस आराम. पुढे धावणं वाढत जातं, चालणं घटत जातं. वेग किती? शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, इतकाच. बोलता येत नसेल तर तुम्ही फार जोरात धावताय. मी मोबाइलवर सेकंद मोजते, जाऊ मनात तस्बीह मोजते. तिची साठ सेकंदं नेहमी माझ्याआधी संपतात.

नऊ आठवड्यांचा क्रम आम्हाला सोळा आठवडे लागला. पाचवा आठवडा तर तीनदा केला.

खर्च फक्त बुटांचा. पुढे बोटांना अंगठ्याएवढी मोकळी जागा हवी. अम्मीच्या पायानंतर मी रोज रात्री माझेही तळवे बघते, आणि बूट घालण्याआधी झटकते. कपड्यांचा प्रश्न बायकांना पडतोच. लांब अबाया पायात येतो, पडायला होतं. मी गुडघ्याखाली जाणारा सैल कुडता, ट्रॅक पँट आणि पिन लावलेला सुती स्कार्फ घालते. सासूबाई आधी नाराज होत्या. तेव्हा सासऱ्यांनीच सांगितलं की, प्रेषितांनी (स.) आणि हजरत आयशांनी (रजि.) शर्यत लावल्याचं अबू दाऊदच्या हदीसमध्ये आहे. एकदा आयशा (रजि.) जिंकल्या, पुढे एकदा प्रेषित (स.). सासूबाई गप्प झाल्या, पटलं की नाही ते माहीत नाही. तलावावर एक गृहस्थ आजही आमच्याकडे टक लावून बघतात. बघू देत.

ज्यांना आधीच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच धावावं. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम पडू शकते, खिशात गोड काहीतरी हवं. छातीत दाब वाटला तर तिथेच थांबायचं. रमजानआधीही डॉक्टरांकडे एक फेरी हवीच. रमजानमध्ये आम्ही धावणं बंद ठेवलं आणि ईशा-तरावीहनंतर अर्धा तास चाललो. इफ्तारला खजूर, पाणी, फळं, आणि समोसा एकच. सत्ताविसाव्या रात्रीनंतर तो नियम मोडला, लपवत नाही.

मे महिन्यात पुन्हा तपासणी केली. एचबीएवनसी ५.८. कंबर ८१. वजन मात्र दोनच किलो उतरलं, त्यामुळे नातेवाइकांना काही फरक दिसत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी माझ्यासारख्याच उंबरठ्यावरच्या लोकांवर तीन वर्षं अभ्यास केला होता, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार सुधारून आणि चालून मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तेही वजन फारसं न घटता. माझा आकडा अजून रेषेच्या वरच आहे, पण दिशा बदलली.

अम्मीची जखम भरली. ती आता खास बूट घालून इमारतीच्या आवारात दोन वेळा दहा-दहा मिनिटं चालते, जेवणानंतर. तिच्या ताटातला भात मी वाटीने मोजते म्हणून रुसते. परवा म्हणाली, "तू माझी अम्मी झालीस."

पाऊस आता तोंडावर आहे. पनवेलच्या पावसात तलावाची वाट निसरडी होते, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही इमारतीचा जिना चढणार, चार मजले, पाच वेळा. शेजारच्या दोघींनी विचारलंय. एकीला बूट घ्यायचेत, दुसरीला आधी नवऱ्याची परवानगी.