मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळ्या आणि ऑनलाइन प्रचारतंत्र

प्रस्तावना : डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरविले. त्यानंतरच्या संघर्षात शस्त्रांइतकेच प्रतिमेलाही महत्त्व आले. पुलांवर धमकीचे फलक टांगणाऱ्या टोळ्या इंटरनेटवर चित्रफिती प्रसारित करू लागल्या.

प्रचाराची उद्दिष्टे : ही प्रामुख्याने तीन आहेत. पहिले दहशत, त्यासाठी प्रतिस्पर्ध्यांच्या हत्येच्या चित्रफिती प्रसृत केल्या जातात. दुसरे शक्तिप्रदर्शन, जुलै २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर हालिस्कोच्या दौऱ्यावर गेले, त्याच सुमारास तेथील टोळीने चिलखती वाहनांचा ताफा चित्रफितीतून दाखविला. तिसरे जनमान्यता, कोविडकाळात टोळ्यांनी अन्नधान्यवाटपाची छायाचित्रे पसरविली.

माध्यमांचे मौन : हा प्रचार प्रभावी ठरतो, कारण त्याला छेद देणारा आवाजच दडपला जातो. वृत्तपत्रे दबावाखाली आल्यावर नागरिक गोळीबाराची माहिती इंटरनेटवरून परस्परांना देऊ लागले. सप्टेंबर २०११ मध्ये नुएवो लारेदो येथे दोन मृतदेह पादचारी पुलाला टांगून अशा नागरिकांना इशारा देण्यात आला. मे २०१२ मध्ये तेथील ‘एल मान्याना’ या दैनिकाने कार्यालयावरील हल्ल्यानंतर टोळीयुद्धाच्या बातम्या देणे थांबविले.

निष्कर्ष : सारांश, टोळ्यांना केवळ प्रसिद्धी नव्हे, तर माहितीवरील मक्तेदारी हवी असते. म्हणून आक्षेपार्ह चित्रफिती काढून टाकणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. स्थानिक वार्ताहर सुरक्षित नसेल, तर त्या पोकळीत टोळीचेच कथन सत्य म्हणून रुजते.