झीज ओळखावी, मगच भाग बदलावा

अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली आणि अनेक मराठी कुटुंबे या प्रदेशात स्थिरावली. रायपूर शहरातील पुरानी बस्ती हा महामाया मंदिराचा जुना परिसर. अशा दाट वस्तीत वाहनांची धुलाई हा अनेकांच्या उपजीविकेचा व्यवसाय असतो. खंडेनवमीला हत्यारे, यंत्रे आणि वाहने पूजली जातात, म्हणून त्याआधी गाड्या धुऊन घेण्यासाठी गर्दी होते. नेमक्या त्याच वेळी धुलाईयंत्राचा जोर ओसरला, तर दिवसाची कमाई बुडते. अशा वेळी घाईने दिसेल तो भाग बदलला जातो. पैसे खर्च होतात आणि दोष मात्र तसाच राहतो.

धुलाईयंत्र म्हणजेच प्रेशर वॉशर. विजेवर चालणारा पंप नळाचे पाणी ओढून घेतो, त्यावर मोठा दाब देतो आणि ते नोझलच्या बारीक छिद्रातून वेगाने बाहेर फेकतो. नोझल, रबरी सील, ओ-रिंग, झडपा आणि होज पाइप हे या यंत्राचे झिजणारे भाग होत.

दोष कोठे आहे?

प्रथम नळाचा पुरवठा पाहावा. यंत्राला मिनिटाला ८ लिटर पाणी लागत असेल, तर नळाने १० लिटरची बादली ७५ सेकंदांच्या आत भरली पाहिजे. पाणी त्याहून कमी येत असेल, तर दोष यंत्रात नाही. पुरवठा पुरेसा असेल, तर पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेली गाळणी काढून धुवावी. रायपूरच्या परिसरात चुनखडीचा खडक आहे. अशा खडकातून येणाऱ्या कूपनलिकेच्या पाण्यात क्षार अधिक असू शकतात, आणि ते गाळणीत व नोझलमध्ये साचतात.

त्यानंतर नोझल बसवलेलेच ठेवून फवारा मोठ्या पिंपात सोडावा आणि एका मिनिटात किती पाणी जमते ते मोजावे. पाणी ठरल्याइतके आणि जोर कमी, असे असेल तर नोझल झिजले आहे असे समजावे. छिद्राचा व्यास फक्त १० टक्क्यांनी वाढला, तरी त्याचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते आणि दाब जवळजवळ एकतृतीयांशाने घटतो. डोळ्यांना न दिसणारी झीज हातातील जोर अशी काढून घेते.

पाणीच कमी जमत असेल, तर दोष पंपाच्या झडपांत किंवा सीलमध्ये शोधावा. फवारा धडधडत, तुटक येत असेल तर झडपेत कचरा अडकलेला असू शकतो किंवा पंपात हवा शिरत असू शकते. पंपाखाली पाणी ठिबकत असेल तर सील झिजले आहेत. पंपातील तेल दुधाळ झाले असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. अशा स्थितीत यंत्र चालवत राहिल्यास सीलच्या जागी पूर्ण पंप बदलावा लागतो.

योग्य भागाची निवड

बाजारात सारखे दिसणारे भाग सारखे असतातच असे नाही. यंत्रावरील पाटीवर दाब आणि मिनिटाला लागणारे पाणी यांचे आकडे असतात. नोझल त्यांना जुळणारेच घ्यावे. जास्त जोर मिळावा म्हणून लहान छिद्राचे नोझल बसवल्यास पंपावर ताण पडतो. ओ-रिंग घेताना तिचा आतील व्यास आणि जाडी दोन्ही मोजावीत. झिजलेली रिंग पसरलेली असते, म्हणून शक्यतो यंत्राच्या पुस्तिकेतील माप प्रमाण मानावे. सील एकेक न बदलता पूर्ण संच बदलणे हिताचे. होज पाइपची दाब सोसण्याची मर्यादा यंत्राच्या कमाल दाबापेक्षा कमी नसावी. रबर फाटून आतील तारा दिसू लागल्यास तो पाइप तात्काळ बाद करावा. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये.

भाग बदलताना

प्रथम यंत्र बंद करून प्लग काढावा. नंतर नळ बंद करावा आणि गनचा ट्रिगर दाबून पाइपमध्ये कोंडलेला दाब मोकळा करावा. हे केल्याशिवाय एकही जोड उघडू नये. कोठे गळते हे पाहण्यासाठी चालू यंत्राच्या जोडावर बोट कधीही ठेवू नये. अति दाबाचे पाणी त्वचा भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली, तरी ती तात्काळ रुग्णालयात दाखवावी, कारण खरी इजा आत असते.

जुने भाग ज्या क्रमाने काढले, त्याच क्रमाने स्वच्छ कापडावर मांडून ठेवावेत, म्हणजे नवे भाग उलट क्रमाने बसवणे सोपे जाते. शेवटी नळ सोडून, ट्रिगर दाबून पाइपमधील हवा जाऊ द्यावी आणि मगच यंत्र सुरू करावे. बदललेल्या भागाचे नाव, माप आणि तारीख वहीत नोंदवावी.

यंत्राची पूजा वर्षातून एकदा होते. त्याची काळजी मात्र रोज घ्यावी लागते. गाळणी धुणे आणि वेळेवर रिंग बदलणे ही कामे लहान आहेत, पण कष्टाने उभ्या केलेल्या व्यवसायाचे रक्षण त्यांनीच होते.

पाठावर आधारित प्रश्न

१. नळाचा पुरवठा सर्वप्रथम का तपासावा?
२. पाणी पुरेसे पण जोर कमी, यावरून कोणता दोष लक्षात येतो?
३. तुमच्या वापरातील एखाद्या यंत्राच्या झिजणाऱ्या भागांविषयी पाच वाक्ये लिहा.