झाडांच्या वैद्यानं आखलेला मुक्काम

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचे नकाशे जमवायचा मला जुना नाद आहे. त्यातही डोंगरदऱ्यांच्या रंगीत नकाशांपेक्षा कॅम्पग्राउंडचे साधे, काळ्या रेघांचे नकाशे मला अधिक खेचतात. योसेमिटी घ्या, सेक्वोया घ्या, ग्लेशियर घ्या. आकृती बहुतेक तीच. मुख्य रस्त्यापासून एक फाटा आत शिरतो, झाडांतून वळसा घेतो आणि निघाला होता तिथंच येऊन मिळतो. वाहतूक एकेरी. वळशाच्या दोन्ही अंगांना आखूड, तिरकी बोळकांडी आणि प्रत्येकाला एक क्रमांक. तिथं आपली आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, लावायची. शेजारी टेबल, टेबलाजवळ चूल. मुलांकडे अमेरिकेत जाऊन आरव्ही भाड्यानं घेणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांनी अशा क्रमांकांवर रात्री काढल्या आहेत.

सगळीकडे हीच आकृती का, याचा माग काढत गेलं की आपण एका माणसापाशी पोचतो. तो ना इंजिनिअर होता, ना उद्यानांचा अधिकारी. तो झाडांचे रोग तपासणारा शास्त्रज्ञ होता.

एमिलिओ माइनेके १८६९ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मले आणि जर्मनीत वनस्पतिशास्त्र शिकले. पुढे ते अमेरिकी कृषी खात्यात वनरोगतज्ज्ञ झाले. खोडं आतून पोखरणाऱ्या बुरशा हा त्यांचा विषय. कॅलिफोर्निया आणि नेवाडातल्या वृक्षरोगांवर त्यांनी १९१४ मध्ये लिहिलेली पुस्तिका जंगलात काम करणाऱ्यांसाठी होती. असा माणूस सहलीला आलेल्यांच्या तंबूंकडे वळला तो मोटारींमुळे.

मोटार उद्यानांत कशी शिरली ते अनेकांनी वाचलं असेल. योसेमिटीत १९०७ मध्ये तिला बंदी होती, ती १९१३ मध्ये उठली. यलोस्टोननं तिला १९१५ मध्ये आत घेतलं. १९१६ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिस स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक स्टीफन माथर यांना मोटारवाले हवेच होते. लोक आले तर संसद पैसे देणार, हा त्यांचा हिशेब आणि तो बरोबर ठरला. विसाच्या दशकात माणसं लोटली. कॅम्पग्राउंड म्हणजे झाडांमधली मोकळी जागा, एवढीच तेव्हा कल्पना होती. मोटार थेट झाडाखाली न्यायची, बुंध्याला टेकवून उभी करायची, तंबूची दोरी खोडाला बांधायची. निघताना झुडपांवरून गाडी वळवायची. जागा उजाड झाली की पुढचे येणारे पलीकडच्या हिरव्या जागेत सरकायचे. कॅम्पग्राउंड असं जंगल खात पुढं जात राही.

१९२६ मध्ये माइनेके सेक्वोया राष्ट्रीय उद्यानातल्या महावृक्षांवर पर्यटकांच्या वर्दळीचा काय परिणाम होतो ते पाहायला गेले. दोन वर्षांनी त्यांनी किनाऱ्याकडच्या रेडवूड उद्यानांवर तसाच अहवाल लिहिला. त्यांची नजर वर शेंड्याकडं नव्हती, जमिनीकडं होती. सेक्वोया कितीही प्रचंड असला तरी त्याची मुळं फार खोल जात नाहीत, ती भोवताली लांबवर पसरतात. पाणी शोषणारी बारीक मुळं तर वरच्या थरातच असतात. चाकांनी आणि पावलांनी ही माती दबली की खळ्यासारखी टणक होते. मग तिच्यात ना पाणी मुरत, ना हवा खेळत. माइनेकेंच्या मते झाड लगेच मरत नाही, म्हणूनच धोका मोठा, कारण नुकसान दिसेपर्यंत उपाय हातचा गेलेला असतो.

या निदानावरचं औषध त्यांनी १९३२ मध्ये मांडलं. कॅम्पग्राउंडचं धोरण कसं असावं, यावरचा तो लहानसा निबंध होता. आकृत्यांसह अधिक तपशील पुढच्या एकदोन वर्षांत आले. माझ्या मते अमेरिकी उद्यानांच्या इतिहासातले हे सर्वांत परिणामकारक कागद आहेत. माइनेकेंचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

त्या आकृतीत माणसाला एक चौकट दिली आहे, पण ती त्याला जाणवू नये अशी. रस्ता एकेरी, म्हणून अरुंद चालतो आणि झाडं कमी तोडावी लागतात. मोटारीसाठी रस्त्यालगत तिरका बोळ, म्हणजे ती नाकासमोर सरळ आत जाईल आणि मागं येऊन पुन्हा रस्त्याला लागेल. वळवायला जंगलात घुसायची गरजच उरत नाही. बोळाच्या कडेला अर्धे जमिनीत पुरलेले मोठे दगड किंवा ओंडके. वर नुसते ठेवले तर उपरे दिसतात, पुरले तर तिथलेच वाटतात. टेबल आणि चूल पक्की बसवलेली, कारण माणसं जेवणाच्या जागेभोवतीच वावरतात. टेबल हलत नाही म्हटल्यावर पायवाटाही हलत नाहीत. दोन मुक्कामांच्या मध्ये झुडपांचा पट्टा राखायचा, तो आडोशाला आणि मातीलाही. ठरावीक जमीन तुडवली जाणार हे आधीच मान्य करायचं आणि तेवढी देऊन बाकीची वाचवायची. पाट्या लावून माणसाला शहाणं करता येत नाही, पण जागाच अशी आखता येते की त्यानं शहाण्यासारखं वागावं, यावर त्यांचा भर होता. मला हा विचार फार मोठा वाटतो.

नशिबानं वेळ जुळून आली. १९३३ मध्ये मंदीतल्या बेकार तरुणांसाठी सीसीसी ही सरकारी योजना सुरू झाली आणि १९४२ पर्यंत चालली. या पोरांच्या हातून माइनेकेंची आकृती देशभरातल्या उद्यानांत आणि वनांत उतरली.

आणि तेवढ्यात ट्रेलर आला. डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन यांनी १९३० च्या सुमाराला ‘कव्हर्ड वॅगन’ नावाचे ट्रेलर बनवायला घेतले. काही वर्षांतच त्यांचा कारखाना या धंद्यात अव्वल ठरला. शर्मन स्वतः जीवाणुतज्ज्ञ होते. म्हणजे घर मोटारीला जोडणारा एक शास्त्रज्ञ आणि मोटारीला दगडांच्या चौकटीत बसवणारा दुसरा, दोघंही सूक्ष्मजीवांच्या जगातले.

१९३५ मध्ये माइनेकेंनी वनखात्यासाठी एक टिपण लिहिलं. मथळ्यातच ट्रेलरला संकट म्हटलं होतं. त्यांचा आक्षेप दुहेरी होता. मोटार आणि ट्रेलर मिळून लांबी इतकी होते की तिरक्या बोळात ती मावत नाही. त्यासाठी रस्ते रुंद करावे लागणार, झाडं पाडावी लागणार, सगळी आखणी मोडणार. दुसरा आक्षेप मनातला होता: तंबूवाला जंगलात राहायला येतो, ट्रेलरवाला आपलं घर जंगलात ओढून आणतो. दुसऱ्या आक्षेपाशी मी सहमत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना पहाटे सेक्वोया उद्यानातल्या टोकोपा धबधब्याच्या वाटेवर चालता येतं, ते रात्री नीट पाठ टेकता आली म्हणून. जंगलावरचा हक्क जमिनीवर झोपणाऱ्यांचाच, असं म्हणणं अन्यायाचं आहे. पहिला आक्षेप मात्र शब्दशः खरा ठरला. युद्धानंतर ट्रेलर आणि पुढं आरव्ही वाढतच गेल्या. मग एका टोकानं शिरून दुसऱ्या टोकानं बाहेर पडता येईल असे लांब बोळ आखावे लागले. जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये आजही लांबीची मर्यादा असते.

माइनेकेंचं निदान तपासणारा संशोधक पुढं निघाला. रिचर्ड हार्टसवेल्ट यांनी योसेमिटीच्या मारिपोसा राईचा अभ्यास १९६२ मध्ये पूर्ण केला. मोठ्या सेक्वोयांना तुडवणुकीचा वाटत होता तेवढा फटका बसलेला नव्हता. खरी अडचण त्यांना आगीच्या अभावात दिसली. वणवे विझवण्याच्या धोरणामुळं सेक्वोयाच्या बियांना लागणारी उघडी माती आणि उजेड मिळेनासा झाला होता. म्हणजे वैद्याची नाडीपरीक्षा अर्धी चुकली. पण दबलेल्या मातीत रोप रुजत नाही, हे कुणी खोडलेलं नाही, आणि रोपच नसेल तर राई म्हाताऱ्यांचीच उरते.

सेक्वोयातल्या जायंट फॉरेस्टमध्ये तर मुळांवर अख्खं गाव वसलं होतं. तिथले अधीक्षक कर्नल जॉन व्हाइट मुक्कामाची घरं हलवा म्हणून झगडले. हॉटेल चालवणाऱ्यांपुढं त्यांचं चाललं नाही. अखेर नव्वदच्या दशकात उद्यानानं ते केलं. २८२ बांधकामं पाडली, २४ एकर डांबर उखडलं. आता तिथं एका जुन्या दुकानाच्या इमारतीत संग्रहालय आहे आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर नवे सेक्वोया उगवले आहेत. माइनेके १९५७ मध्येच गेले होते.

तिकडे जाणाऱ्यांना एक विनंती. पोटविशा कॅम्पग्राउंड ते जायंट फॉरेस्ट या घाटात २२ फुटांहून लांब वाहन आणू नका, असं उद्यान सांगतं. आरव्ही ठरवतानाच लांबी विचारून घ्या. मोठीच हवी असेल तर ती पायथ्याशी लावून छोट्या गाडीनं वर जा. मुक्कामाला पोचलात की खुर्च्या टेबलाभोवतीच मांडा. अर्धे पुरलेले दगड ओलांडून पलीकडं काही नेऊ नका.