पालिकेचे उत्तर कसे वाचावे?

वस्तीतील रस्ता, गटार किंवा अभ्यासिका यांसाठी महापालिकेकडे अर्ज केला की उशिरा का होईना, बहुधा उत्तर येते. अडचण त्यापुढे सुरू होते. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य वाचून काही बांधव काम झालेच म्हणून निर्धास्त होतात, तर काही चिडून कागद फाडतात. दोघांचेही नुकसानच होते.

पालिकेचा कागद आणि प्रत्यक्ष काम यांतील अंतर आपल्याला नवे नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. तो तीन वर्षे दप्तरातच पडून होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव रद्द केला. उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. सत्याग्रहींच्या बाजूला पालिकेचाच ठराव होता, ही गोष्ट आपल्या भाषणांत फारशी येत नाही.

आता आजची उत्तरे पाहू. ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही’ हे उत्तर ऐकून राग येतो, पण ते पुष्कळदा खरे असते. कल्याणचा जुना पत्रीपूल ऑगस्ट २०१८ मध्ये वाहतुकीस बंद झाला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात लोक पालिकेला बोल लावीत होते, काम मात्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे होते. असे उत्तर आल्यास रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठविणे त्यांना बंधनकारक आहे.

या २००५ च्या कायद्याने शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही, आणि मुदत तीस दिवसांची. मात्र ‘रस्ता का केला नाही?’ असे विचारू नये. त्याला उत्तर टाळता येते. कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, दोषदायित्व कालावधी किती, एवढेच मागावे. त्या कालावधीत रस्ता उखडला तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वखर्चाने करायची असते. हे आपल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी सहज करण्यासारखे काम आहे.

‘निधी नाही’ या उत्तरावर लेखाशीर्ष कोणते आणि तरतूद किती, हे विचारावे. अंदाजपत्रक एप्रिलपासून लागू होते; म्हणून नव्या कामाची मागणी पावसाळ्यात खड्डे पाहून नव्हे, दिवाळीच्या सुमारास द्यावी.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मधील कर्तव्ये बंधनकारक, तर कलम ६६ मधील ऐच्छिक आहेत. रस्ते, गटारे, दिवाबत्ती पहिल्यात येतात, वाचनालय दुसऱ्यात. म्हणून रस्ता हक्काने मागावा आणि अभ्यासिकेसाठी पूर्वतयारी करून जावे: जागा कोणाच्या नावावर आहे, पुढे देखभाल कोण करणार, हे लिहून न्यावे. एकाच अर्जात दोन्ही मागण्या घातल्या तर अर्ज दोन खात्यांच्या मध्ये लोंबकळतो.

कल्याण-डोंबिवलीतील नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये, तर ठाण्यातील मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. तोवर प्रशासकच कारभार पाहत होते. घरी जाऊन भेटावे असा लोकप्रतिनिधी नव्हता. या काळात पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाचा उपयोग आपण किती केला? त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. असा दावा करायची वेळ कोणावर न येवो. पण आली, तर त्या खड्ड्याबद्दल पूर्वी दिलेल्या अर्जाची आवक क्रमांक व शिक्का असलेली प्रत उपयोगी पडेल. आम्ही बँकेत पोच दिल्याशिवाय पावती पुस्तक मिटत नाही. संस्थेच्या कपाटात अशा प्रतींची एक फाईल आजपासून ठेवावी, आणि ती कोणाकडे राहील हे येत्या बैठकीत ठरवावे.