कोणासाठी बेतलेला कपडा?

कपड्यांच्या व्यापारात ‘ब्रँड’ हा शब्द आता इतका रुळला आहे की तो ऐकताच बोधचिन्ह, दुकानावरची पाटी किंवा गळ्याच्या आतल्या बाजूला शिवलेली चिठ्ठी डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु ही ओळखीची चिन्हे झाली, ओळख नव्हे. एखाद्या कपड्यावरचे नाव न वाचताही ‘हा अमुक घराण्याचा असणार’ आणि ‘हा अमुक प्रकारच्या माणसासाठी असणार’ असे दोन्ही अंदाज पाहणाऱ्याला करता येतात, तेव्हाच कापड, बेत, रंग, किंमत आणि विक्रीची रीत यांतून ब्रँडची ओळख घडली असे म्हणता येते. यांपैकी दुसरा अंदाज पहिल्याचा पाया असतो. ज्या व्यक्तीला समोर ठेवून हे सारे निर्णय घेतले जातात तिला व्यापाराच्या परिभाषेत ‘लक्ष्य ग्राहक’ म्हणतात, आणि ‘अठरा ते तीस वयाच्या शहरी स्त्रिया’ एवढ्या वर्णनाने ती सापडत नाही. ती कामावर कशाने जाते, दिवसभर उभी असते की बसलेली, कपडे कोण धुते आणि इस्त्री कोण करते, स्वतःच्या पैशाने खरेदी करते की दुसऱ्याच्या, आणि मुख्य म्हणजे कोणासारखे दिसायचे नाही असे तिने मनाशी ठरवले आहे, हे कळल्यावाचून कात्री चालवणे म्हणजे अंधारात माप घेणे होय.

महाराष्ट्रातील जुन्या वस्त्रव्यवहाराला हा प्रश्न पडला नाही, याचे कारण तेथे गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. पैठणी, इरकल, नारायणपेठी ही नावे गावांची आहेत. कोणत्या घरात, कोणत्या प्रसंगी, कोणते लुगडे घेतले जाणार हे रूढीने ठरलेले असे आणि विणकराला त्याची पूर्ण जाण असे. पुढे गिरण्यांचे कापड आले तरी शिवणारा शिंपी ओळखीचाच राहिला. १९२५ साली ठाण्यात गिरणी म्हणून सुरू झालेल्या रेमंडने दीर्घकाळ मुख्यतः सुटाचे कापड विकले, म्हणजे कपड्याचा बेत तिच्या हाती नव्हताच, आणि म्हणूनच ‘द कम्प्लीट मॅन’ या तिच्या गाजलेल्या जाहिरातमालेत सुटाच्या कापडाइतकेच तो घालणाऱ्या पुरुषाच्या स्वभावाचे चित्र रंगवलेले दिसते. तयार कपड्यांच्या व्यवसायात मात्र बेतणारा आणि घालणारा यांची भेटच होत नाही, आणि ही न होणारी भेट कल्पनेने व निरीक्षणाने घडवून आणणे हेच ब्रँड उभारणाऱ्याचे पहिले काम ठरते.

या कामाचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनमधील मेरी क्वांट यांचे आहे. १९५५ साली क्वांट, त्यांचे भावी पती अलेक्झांडर प्लंकेट ग्रीन आणि आर्ची मॅकनेअर या तिघांनी चेल्सी भागातील किंग्ज रोडवर ‘बझार’ नावाचे दुकान उघडले. त्या काळी फॅशनची दिशा पॅरिस ठरवत असे, आणि तेथील ‘ओत कुत्यूर’ म्हणजे एकेका धनिक गिऱ्हाइकाचे माप घेऊन हाताने पोशाख शिवण्याची परंपरा प्रौढ, प्रतिष्ठित स्त्रीसाठी होती. तिची नक्कल करणाऱ्या दुकानांतून तरुण मुलींनाही आईसारखेच कपडे मिळत. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये लवकर नोकरीला लागणारी, कमाईतला काही भाग स्वतःवर खर्च करू शकणारी आणि आईसारखे दिसण्याची अजिबात इच्छा नसलेली एक पिढी तयार होत होती, पण तिच्यासाठी कपडे नव्हते. क्वांट स्वतः त्याच पिढीतल्या असल्याने हे त्यांना बाजारपाहणीवाचून ठाऊक होते.

सुरुवातीला हे दुकान इतरांकडचा माल विकत असे. मनाजोगा माल मिळेना तेव्हा क्वांट यांनी संध्याकाळच्या वर्गात जाऊन कपडे बेतणे शिकून घेतले, बाजारात मिळणारे कागदी साचे आपल्या कल्पनेप्रमाणे बदलले आणि घाऊक व्यापाराची माहिती नसल्याने हॅरॉड्ससारख्या महागड्या दुकानातून किरकोळ दराने कापड आणून शिवणकाम सुरू केले. व्यवहार म्हणून हे तोट्याच्या कडेने चालणे होते, परंतु त्यातून एक अमूल्य गोष्ट साधली: आज विकलेल्या मालाच्या पैशातून उद्याचे कापड यायचे, म्हणून गिऱ्हाइकाने काय उचलले आणि काय परत टांगले याचे उत्तर दुसऱ्याच दिवशी कपड्यात उतरत असे. दुकान कामावरून सुटलेल्या मुलींना येता यावे इतक्या उशिरापर्यंत उघडे राही, आत मोठ्याने संगीत चालू असे, आणि काचेआडच्या पुतळ्यांची ठेवण खट्याळ, चालत्याबोलत्या मुलींसारखी असे. आखूड स्कर्टचे श्रेयही क्वांट किंग्ज रोडवरच्या मुलींनाच देत. आणखी आखूड करा असा आग्रह त्या मुलीच धरत, असे त्यांचे सांगणे असे.

येथे ओळख कशी घडते हे बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण स्कर्टची लांबी कमी करणे हा एकटा निर्णय राहू शकत नाही. बससाठी धावणाऱ्या मुलीला गुडघ्याच्या वरचा, मोकळ्या घेराचा स्कर्ट सोयीचा, पण तो आला की पट्ट्यांना अडकवलेले जुन्या पद्धतीचे मोजे दिसू लागतात, म्हणून कमरेपर्यंत येणारे सलग मोजे, अर्थात टाइट्स, हवेत, आणि ते कपड्यांशी मिळत्या रंगांत हवेत; मग सपाट टाचांचे बूट आले, इस्त्रीची फारशी गरज नसलेले लोकरी जर्सीचे विणकामी कापड आले. १९६३ साली त्यांनी पीव्हीसी या प्लास्टिकचे लेप असलेल्या कापडाचे पावसाळी कपडे दाखवले, तेव्हा शिवणयंत्राला ते चिकटत असल्याने शिवण नीट बसेना, आणि हा माल मोठ्या प्रमाणावर काढता येण्यास जवळपास दोन वर्षे लागली. त्याच साली अधिक परवडणाऱ्या, परस्परांत बदलून घालता येणाऱ्या कपड्यांची ‘जिंजर ग्रुप’ ही वेगळी श्रेणी त्यांनी सुरू केली, कारण बझारमधील किंमती साध्या नोकरदार मुलीच्या आवाक्याबाहेरच राहिल्या होत्या. आज क्वांट या नावाबरोबर आठवणारे पाच पाकळ्यांचे डेझीचे फूल बोधचिन्ह म्हणून नोंदवले गेले ते १९६६ साली, सौंदर्यप्रसाधने बाजारात आणली तेव्हा, म्हणजे दुकान उघडल्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी. नवा ब्रँड काढू पाहणारी मंडळी आज अनेकदा चिन्हापासून सुरुवात करतात आणि ग्राहकापाशी शेवटी पोहोचतात; हा क्रम उलटा आहे, आणि त्यात पैसा व उमेद दोन्ही वाया जातात.

ग्राहक कोण हे सर्वांत स्पष्टपणे जेथे ठरते ती जागा मात्र जाहिरात नसून मापांचा तक्ता असते. तयार कपड्यांचा कारखाना एका मध्यम मापाच्या शरीरावर कपडा बसवून घेतो आणि त्या मूळ साच्यातून लहान-मोठी मापे प्रमाणशीर काढतो. या क्रियेला ‘ग्रेडिंग’ म्हणतात. ते मूळ शरीर कोणाचे निवडले यावर खांदा कोठे उतरणार, बाही हात वर करताना ओढणार की नाही, हे ठरते. भारतात वापरली जाणारी मापे दीर्घकाळ परदेशी तक्त्यांवरून घेतलेली असल्याने येथील अंगयष्टीला ती अनेकदा बसत नाहीत, आणि त्यावरचा उपाय म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबईसह सहा शहरांतील २५,०००हून अधिक व्यक्तींचे त्रिमितीय यंत्रांनी माप घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. कपडे बदलण्याच्या खोलीत स्वतःच्या शरीराविषयी संकोच घेऊन बाहेर पडणाऱ्या स्त्रीला वाटते की दोष तिचा आहे. वस्तुतः तो साचा तिच्यासाठी काढलेलाच नसतो.

क्वांट यांच्या कथेतील एक धागा थेट भारतात येतो. बझारचे नाइट्सब्रिजमधील दुसरे दुकान सजवणारे टेरेन्स कॉनरन यांनी १९६४ साली चेल्सीत ‘हॅबिटॅट’ हे गृहोपयोगी वस्तूंचे दुकान काढले, आणि पुढे हॅबिटॅट दिल्लीच्या फॅबइंडियाची मोठी खरेदीदार झाली. फॅबइंडियाचे संस्थापक जॉन बिसेल १९५८ साली फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने हस्तोद्योगांच्या कामासाठी अमेरिकेहून आले आणि दोन वर्षांनी त्यांनी ही संस्था सुरू केली. तेव्हा ती पलंगपोस, पडद्यांचे कापड, सतरंज्या निर्यात करत असे. तिचा ग्राहक लंडनमधला घर सजवणारा तरुण होता, आणि पडद्याच्या दोन पट्ट्यांचा रंग जुळला नाही तर त्याच्या दृष्टीने तो माल बाद होता. म्हणून सारखा पन्हा, सारखी छटा, ठरल्या दिवशी पाठवणी ही शिस्त विणकरांपर्यंत न्यावी लागली.

१९७६ साली दिल्लीच्या ग्रेटर कैलासमध्ये पहिले दुकान उघडले आणि हळूहळू तयार कपडे आले, तेव्हा समोर अगदी वेगळी व्यक्ती उभी राहिली: शिकलेली, नोकरी करणारी, रोज साडी नेसून बस गाठणे अवघड जाणारी, कृत्रिम धाग्याच्या चकचकीत कापडात न रमणारी, आणि तरीही परदेशी पोशाखाकडे न वळणारी स्त्री. तिला शिंप्याकडे चार खेपा न घालता मिळणारा सुती कुर्ता हवा होता. या ग्राहकासाठी ठशांच्या छपाईतील किंचित सरकलेली रेघ किंवा हातमागाच्या धाग्यातील जाडबारीकपणा हा दोष राहिला नाही. कोणा माणसाच्या हाताने हे काम केले याची ती खूण झाली. लंडनला ज्यामुळे माल परत आला असता त्याच गुणामुळे दिल्लीत तो निवडला गेला, आणि फॅशनच्या व्यवहारात गुण-दोष कपड्यात नसून कपडा आणि घालणारा यांच्या नात्यात असतात, हे यावरून जेवढे स्पष्ट होते तेवढे क्वचितच होत असेल. १९९२ साली हॅबिटॅटची मालकी बदलल्यानंतर निर्यातीचा आधार डळमळला, तरी संस्था टिकली ती या देशी ग्राहकामुळे. जाहिरातींवर फारसा भर न देता तिचा विस्तार शंभराहून अधिक शहरांत झाला. विस्ताराबरोबर अडचणही येते, कारण हातमागाचा वेग वाढत नाही, किंमत वाढते, आणि ज्या प्राध्यापिकेसाठी तो कुर्ता बेतला तिलाच तो महाग वाटू लागतो. अशा वेळी नवा, अधिक सधन ग्राहक धरायचा की जुन्याला परवडेल अशी वेगळी श्रेणी काढायची, हा निर्णय प्रत्येक वाढत्या ब्रँडपुढे येतो. क्वांट यांनी दुसरा मार्ग आठव्याच वर्षी निवडला होता.

२०१९ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने क्वांट यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले. त्याच्या आदल्या वर्षी संग्रहालयाने लोकांना आवाहन केले होते की कोणाकडे त्यांचे जुने कपडे, ते घातलेले फोटो आणि त्यांच्या आठवणी असतील तर कळवाव्यात. त्यावर शेकडो स्त्रियांनी उत्तरे पाठवली, आणि त्यांनी अर्धशतक कपाटात जपलेले कपडे प्रदर्शनात त्यांच्या स्वतःच्या नावांसह मांडले गेले.