नाव सारखे, औषध वेगळे

'फॅल्सिगो' आणि 'फॅल्सिटॅब'. दोन्ही औषधे मेंदूला ग्रासणाऱ्या मलेरियावरची. घटकद्रव्ये मात्र निरनिराळी. कॅडिला हेल्थ केअर व कॅडिला फार्मास्युटिकल्स यांच्यातील या वादावर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिलेला निर्णय आजही व्यापारचिन्ह नोंदणीत सतत उद्धृत होतो.

ही औषधे रुग्णालयांनाच विकली जातात, डॉक्टर जाणकार असतात, तेव्हा गल्लत संभवत नाही, असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. जाणकारही चुकतात आणि औषधातील चूक जिवावर बेतू शकते. म्हणून औषधांच्या नावांना अधिक कठोर कसोटी लावावी, असा निर्वाळा देऊन मूळ दावा त्याच निकषांवर चालवण्यास खालच्या न्यायालयाला सांगण्यात आले.

व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ११ नुसार आधीच्या चिन्हाशी गल्लत होईल अशा साम्याच्या चिन्हाची नोंदणी नाकारता येते. पण साम्य किती झाले म्हणजे गल्लत होते, याचे मोजमाप कायद्यात नाही. ते न्यायनिर्णयांतूनच घडले आहे. 'अमृतधारा' व 'लक्ष्मणधारा' प्रकरणात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने दोन नावे शेजारी ठेवून तुकड्या-तुकड्याने तपासण्याची रीत नाकारली. सामान्य बुद्धीच्या, अंधुक आठवणीच्या ग्राहकाला पूर्ण नाव कसे भासेल, हे महत्त्वाचे. तरीही 'अमृतधारा'वाले वर्षानुवर्षे गप्प राहिल्याने 'लक्ष्मणधारा'ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. हरकत घेण्यातील आळस असा महागात पडतो!

बिस्किटांसाठी मागितलेल्या 'ग्लुविटा' या नावाला 'ग्लुकोविटा'च्या मालकांनी हरकत घेतली, तो वाद मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला. १९५९ च्या त्या निर्णयाने अर्जदारांची एक आवडती सबब निकालात काढली. 'अशी नावे नोंदवहीत कितीतरी आहेत' एवढे म्हणून भागत नाही. ती बाजारात प्रत्यक्ष वापरात आहेत, हे पुराव्याने दाखवावे लागते.

औषधाच्या नावाला परवानगी देण्यापूर्वी व्यापारचिन्ह कार्यालयाचा शोध-अहवाल मागवावा, अशी सूचनाही २००१ च्या निकालात होती. औषध नियमांत त्या दिशेने दुरुस्ती होण्यास २०१९ साल उजाडले. तीही हमीपत्रापुरती. आपल्या नावासारखे नाव देशात अस्तित्वात नाही, हे उत्पादकानेच लिहून द्यायचे असते.